ड्रुइड घेताय? आधी पायाखालची जमीन बघा

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून गोष्ट पुढं नेण्याचा खेळ पहिल्यांदा खेळायला बसलेल्या माणसापुढं क्लासची, म्हणजे पात्रांच्या प्रकारांची, यादी ठेवली की एक प्रश्न हमखास येतो: विझर्ड, क्लेरिक आणि ड्रुइड यांत नेमका फरक काय? जादू तिघंही करतात. स्पेल स्लॉटही (दिवसाला किती स्पेल, म्हणजे मंत्र, टाकता येतील तो कोटा) तिघांना सारखेच मिळतात, पहिल्या लेव्हलला दोन आणि पाचव्या लेव्हलला एकूण नऊ. मग ठरलेलं उत्तर मिळतं की विझर्डची जादू पुस्तकातून येते, क्लेरिकची देवाकडून आणि ड्रुइडची निसर्गाकडून. उत्तर बरोबर आहे, पण खेळायला बसल्यावर त्याचा फारसा उपयोग होत नाही.

उपयोगी पडणारा फरक असा आहे. विझर्ड लढाई सुरू झाली की शत्रू मोजतो. ड्रुइडनं आधी जमीन बघायची. त्याचे चांगले स्पेल माणसावर कमी आणि जागेवर जास्त टाकायचे असतात: वीस फुटांचा चौकोन, वीस फूट त्रिज्येचं वर्तुळ, डोक्यावरचा ढग. एकदा टाकलेला स्पेल तिथंच राहतो आणि पुढचे पाच-सात राउंड (राउंड म्हणजे सगळ्यांची एकेक पाळी, टर्न) काम करत बसतो. त्यामुळं ड्रुइड खेळणाऱ्यानं 'किती डॅमेज?' याआधी 'कुठं टाकू, किती वेळ टिकेल आणि त्यात कोण शिरेल?' हे विचारायला शिकायचं. एवढं जमलं की अर्धा क्लास जमला.

खालची माहिती पहिल्या ते पाचव्या लेव्हलपर्यंत पुरते. उदाहरणं मुद्दाम आपल्याकडची, कोल्हापूर भागातली, घेतली आहेत. ओकच्या जंगलाचं वर्णन करताना डीएमही (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) अडखळतो. दाजीपूरची झाडी, मसाई पठार आणि पंचगंगेचा काठ सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो.

आधी नियम कुठले ते ठरवा

सध्या दोन प्रकारचे नियम चालतात, २०१४ चे आणि २०२४ चे. एकाच टेबलावर एकाकडं जुनं पुस्तक आणि दुसऱ्याच्या मोबाइलवर नवे नियम, असा घोळ सहज होतो. ड्रुइडच्या बाबतीत हा घोळ सगळ्यात महागात पडतो, कारण प्राण्याचं रूप घेण्याचे नियम दोन्हींत वेगळे आहेत. मूळ नियमांचा संक्षिप्त भाग एसआरडी या नावानं मोफत मिळतो: २०१४ च्या नियमांचा ५.१ आणि नव्या नियमांचा ५.२. सुरुवातीला तेवढ्यावर भागतं. या लेखातले आकडे २०१४ चे आहेत. नव्या नियमांत मोठा फरक असेल तिथं तो सांगितला आहे.

साहित्य थोडंच लागतं. सात फाशांचा एक संच (डीपुढचा आकडा म्हणजे फाशाच्या बाजू: डी४, डी६, डी८, डी१०, टक्क्यांचा डी१०, डी१२, डी२०), कॅरेक्टर शीट (पात्राचे आकडे लिहायचा कागद), पेन्सिल आणि चार-पाच कोरी कार्डं. कार्डं कशाला ते पुढं येईल, पण ती घ्याच.

आकडे मांडा

पात्राच्या सहा गुणांना वाटायचे ठरलेले सहा आकडे असतात: १५, १४, १३, १२, १०, ८. पंधरा विस्डमला (ड्रुइडची जादू यावर चालते), चौदा कॉन्स्टिट्यूशनला (काटकपणा), तेरा डेक्स्टेरिटीला (चपळाई). बाकीचे तीन कुठंही टाका. स्ट्रेंथला (ताकद) आठ दिले तरी फारसं बिघडत नाही. नवखे खेळाडू बऱ्याचदा कॉन्स्टिट्यूशन कमी ठेवतात. ड्रुइडला ते परवडत नाही, याचं कारण पुढं आहे.

पात्राचा वंश साधा माणूस घेतला तर सगळ्या आकड्यांत एकेक वाढतो. प्रत्येक आकड्यावरून फाशात मिळवायचा आकडा ठरतो: विस्डम १६ म्हणजे +३, कॉन्स्टिट्यूशन १५ म्हणजे +२, डेक्स्टेरिटी १४ म्हणजे +२. आता शीट भरा:

एचपी (किती मार झेपतो): ८ + २ = १०.
एसी (हल्ला लागायला शत्रूनं फाशावर गाठायचा आकडा): चामड्याचं चिलखत ११, त्यात डेक्स्टेरिटीचे २ आणि लाकडी ढालीचे २, म्हणजे १५.
स्पेलचा सेव्ह आकडा (स्पेलपासून वाचायला शत्रूनं फाशावर गाठायचा): ८ + २ + ३ = १३.
स्पेलनं हल्ला: +५.
रोज तयार ठेवायचे स्पेल: विस्डमचे ३ + लेव्हल १ = ४. शिवाय दोन कॅन्ट्रिप, जे कितीही वेळा वापरता येतात.

२०२४ मध्ये ही तयार स्पेलची संख्या लेव्हलनुसार ठरलेली आहे; पहिल्या लेव्हलला तीही चारच.

ढाल आणि चिलखत धातूचं चालत नाही. जुन्या नियमांत ड्रुइड धातूचं चिलखत घालतच नाहीत, असं एका ओळीत लिहिलं आहे. घातलं तर काय होतं, ते मात्र लिहिलेलं नाही. आणि गंमत म्हणजे वाकडी तलवार, म्हणजे सिमिटर, याच ड्रुइडला चालते. ती कशाची असते, हे कुणी विचारू नये. नव्या नियमांनी ही अट काढून टाकली आहे.

जादूसाठी हातात एखादी वस्तू लागते, तिला फोकस म्हणतात. बांडगुळाची डहाळी, कोरलेलं चिन्ह, लाकडी काठी किंवा यू झाडाची छडी. डहाळी १ सुवर्णनाण्याला मिळते, काठी ५ ला. काठीच घ्या, कारण तीच हत्यार म्हणूनही चालते. इथं हातांचं गणित लक्षात ठेवायचं. एका हातात ढाल, दुसऱ्यात काठी. ज्या स्पेलला वस्तू लागते, त्याचे हातवारे काठीच्या हातानंच करता येतात. ज्याला नुसते हातवारे लागतात आणि वस्तू लागत नाही (एन्टँगल, थंडरवेव्ह, क्युअर वून्ड्स), त्याला मोकळा हात हवा. काटेकोर डीएम असेल तर काठी टाकून द्यावी लागेल. बरेच डीएम याकडं काणाडोळा करतात; पहिल्याच दिवशी विचारून घ्या. हीलिंग वर्ड आणि फेअरी फायर नुसत्या तोंडानं होतात, तिथं ही भानगडच नाही.

स्पेल निवडा

कॅन्ट्रिपमध्ये गायडन्स डोळे झाकून घ्या. कुठल्याही कामाच्या फाशात साथीदाराला डी४ वाढवून मिळतो. दुसरा शिलेली किंवा प्रोड्यूस फ्लेम. शिलेलीनं काठी स्ट्रेंथऐवजी विस्डमवर चालते, डॅमेज डी८ होतं आणि परिणाम एक मिनिट राहतो, म्हणजे दहा राउंड. प्रोड्यूस फ्लेम तीस फुटांवर डी८ आग फेकतो. पुढं राहायचं असेल तर पहिला, मागं राहायचं असेल तर दुसरा. थॉर्न व्हिप या दोन्हींपेक्षा मजेशीर आहे, पण तो ५.१ च्या मोफत दस्तऐवजात नाही, पुस्तकात आहे. ड्रुइडक्राफ्टनं आपण आहोत तिथलं पुढच्या चोवीस तासांचं हवामान कळतं. कोल्हापुरात जुलैमध्ये त्यासाठी कॅन्ट्रिप खर्च करायची गरज नसते, पण कथा पुरावर आधारलेली असेल तर हाच कॅन्ट्रिप हुकमी ठरतो.

पहिल्या लेव्हलचे चार: एन्टँगल, फेअरी फायर, हीलिंग वर्ड, गुडबेरी. ड्रुइडला आपल्या यादीतले सगळे स्पेल माहीत असतात आणि रोज सकाळी चौकडी बदलता येते, त्यामुळं चुकलं तर उद्या सुधारा. विझर्डला ही चैन नाही. त्याला पुस्तकात उतरवलेल्यातूनच निवडावं लागतं.

यातला एन्टँगल नीट समजून घ्या, कारण बाकीची निसर्गजादू त्याच पद्धतीनं चालते.

नव्वद फुटांपर्यंत कुठंही वीस फुटांचा चौकोन निवडायचा. नकाशावर पाच फुटांचं एक घर धरलं तर चार बाय चार, सोळा घरं. जमिनीतून वेली-गवत उसळून वर येतं. त्या क्षणी चौकोनात असलेल्या प्रत्येकानं स्ट्रेंथचा सेव्ह टाकायचा, तुमच्या १३ विरुद्ध. नापास झाला तो जखडला: वेग शून्य, त्याच्यावर हल्ला करणाऱ्याला दोनदा फासा टाकून चांगला घेता येतो, त्याच्या हल्ल्याला वाईट घ्यावा लागतो. सुटायचं तर आपली अख्खी ॲक्शन (टर्नमधलं मुख्य काम) खर्चून पुन्हा स्ट्रेंथचा फासा टाकायचा. जो पास झाला त्यालाही ती जमीन अवघडच: एक फूट चालायला दोन फूट वेग जातो.

नवख्यांच्या तीन चुका इथंच होतात. पहिली: स्पेल टाकल्यानंतर आत आलेल्याला सेव्ह नसतो, तो जखडत नाही, फक्त हळू चालतो. म्हणून शत्रू चौकोनात यायची वाट बघायची आणि मग टाकायचा. दुसरी: आपला फायटर आत उभा असेल तर तोही जखडतो. वेली आपला-परका बघत नाहीत. लढाईच्या पहिल्याच टर्नला, माणसं एकमेकांत मिसळायच्या आत, हा स्पेल जावा. नंतर त्याला जागाच उरत नाही. तिसरी: ताकदवान शत्रूवर वाया घालवणं. ओगर या धिप्पाड राक्षसाला स्ट्रेंथ १९ असते, तो +४ नं सेव्ह टाकतो. गॉब्लिन या बुटक्या शत्रूची स्ट्रेंथ ८, म्हणजे −१. सहा गॉब्लिन आत असतील तर चारएक तरी अडकतात. ओगरवर फेअरी फायर (शत्रूला उजळवून त्याच्यावरचे हल्ले सोपे करणारा स्पेल) टाका, त्याला डेक्स्टेरिटीचा सेव्ह लागतो आणि ओगरची डेक्स्टेरिटी ८ आहे.

गुडबेरी कमी लेखू नका. दहा फळं, प्रत्येकी १ एचपी आणि एका दिवसाचं पोट. चोवीस तास टिकतात. झोपायच्या आधी स्लॉट शिल्लक असेल तर त्याची फळं करून ठेवायची. सकाळी स्लॉट परत मिळतात आणि फळं झोळीत असतातच. बेशुद्ध पडलेल्याच्या तोंडात फळ घालता येतं का, हे नियमात स्पष्ट नाही, डीएमला विचारा. जंगलात अन्न संपल्याची गोष्ट डीएमनं खास रचली असेल तर हा स्पेल ती गोष्ट पहिल्याच संध्याकाळी संपवतो, तेव्हा जरा जपून.

हीलिंग वर्ड बोनस ॲक्शनमध्ये (टर्नमधलं छोटं जादा काम) साठ फुटांवरून डी४ + ३ बरे करतो (२०२४ मध्ये दोन डी४ + ३). एक अट विसरू नका: ज्या टर्नला बोनस ॲक्शननं स्पेल टाकला, त्या टर्नला ॲक्शननं फक्त कॅन्ट्रिप टाकता येतो. हीलिंग वर्ड आणि एन्टँगल एकाच टर्नला होत नाहीत.

कॉन्सन्ट्रेशन: ड्रुइड इथंच फसतो

ड्रुइडच्या यादीत एक खोड आहे. जवळजवळ प्रत्येक चांगल्या स्पेलला कॉन्सन्ट्रेशन लागतं, म्हणजे तो चालू ठेवायला लक्ष धरून ठेवावं लागतं, आणि एका वेळी एकच धरता येतं. एन्टँगल, फेअरी फायर, बार्कस्किन, मूनबीम, स्पाइक ग्रोथ, हीट मेटल, पास विदाउट ट्रेस, कॉल लाइटनिंग, सगळे या रांगेत. नवखा ड्रुइड दुसऱ्या लेव्हलचे (ही स्पेलची लेव्हल, पात्राची नव्हे) चार स्पेल तयार ठेवतो, चारही कॉन्सन्ट्रेशनचे, आणि लढाईत त्यातला एकच चालतो. तयार स्पेलमध्ये निम्मे तरी कॉन्सन्ट्रेशन न लागणारे ठेवा.

आणि हो, गायडन्सलाही कॉन्सन्ट्रेशन लागतं. सहा गॉब्लिन वेलीत अडकलेत, तेवढ्यात रोग, म्हणजे पार्टीतला चोर, कुलूप उघडायला बसतो आणि तुम्ही प्रेमानं 'घे गायडन्स' म्हणता. वेली गळून पडल्या.

डॅमेज बसलं की कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह टाकायचा: १० किंवा डॅमेजच्या निम्मे, जे जास्त असेल ते. आपला +२ आहे, म्हणजे डी२० वर ८ किंवा वर हवेत. शंभरात पासष्ट वेळा टिकतं. एकाच टर्नमध्ये दोन बाण बसले तर दोन वेगळे सेव्ह, दोन्ही टिकायची शक्यता बेचाळीस टक्क्यांवर येते. वर चौदाचा आकडा कॉन्स्टिट्यूशनला द्यायला लावला तो यासाठी. स्पेल टाकून झाला की आडोसा गाठा. झाड, बांध, बैलगाडी, काहीही चालेल.

दुसरी लेव्हल: प्राण्याचं रूप

वाइल्ड शेप ही एकच गोष्ट ड्रुइडला बाकी सगळ्यांपासून वेगळी काढते. जुन्या नियमांत ॲक्शन खर्चून प्राणी व्हायचं. दोनदा, आणि छोटी किंवा मोठी विश्रांती झाली की पुन्हा दोनदा. लेव्हलच्या निम्मे तास रूप टिकतं, दुसऱ्या लेव्हलला एक तास. परत यायला बोनस ॲक्शन.

मर्यादा लेव्हलनुसार सैल होतात. दुसऱ्या लेव्हलला चॅलेंज (प्राणी किती भारी याचं माप) पाव पर्यंतचा प्राणी, पण पोहण्याचा किंवा उडण्याचा वेग असलेला नको. चौथ्याला अर्ध्यापर्यंत, पोहणारा चालेल. आठव्याला एकपर्यंत, उडणाराही चालेल. म्हणजे दुसऱ्या लेव्हलला साप होता येत नाही. सापाचे एचपी जेमतेम २ आणि चॅलेंज एक अष्टमांश, तरी नाही, कारण त्याच्या नोंदीत पोहण्याचा वेग ३० फूट लिहिलेला आहे. यावरून टेबलावर वाद होतात. नोंद उघडून दाखवा, वाद मिटतो. २०२४ मध्ये अडचण फक्त उडण्याची ठेवली आहे, साप दुसऱ्या लेव्हलला चालतो.

आणखी एक अट: तो प्राणी तुम्ही आधी पाहिलेला असला पाहिजे. इथं आपला भूगोल कामाला येतो. तुमचा ड्रुइड राधानगरीच्या जंगलात वाढला असं डीएमशी ठरवा आणि यादी करा. हे अभयारण्य गव्यांसाठी ओळखलं जातं, पण गवा नियमांत नाही. तरण्या गव्यासाठी एल्कचे आकडे घ्या, नाव बदला. चॅलेंज पाव, एचपी १३, आणि वीस फूट धावत येऊन धडक दिली तर दोन डी६ जादा डॅमेज. बिबट्यासाठी पँथर: वेग ५०, चढायचा वेग ४०, चोरपावलांना +६. रानकुत्र्यासाठी लांडगा, कारण जवळ साथीदार असला की दोनदा फासा टाकायची सोय त्याला असते आणि रानकुत्री कळपानंच शिकार करतात. अस्वल आणि मगर चौथ्या लेव्हलला. अस्वलासाठी काळ्या अस्वलाचे आकडे, एचपी १९, मगरीचेही १९. ध्रुवीय अस्वल मागाल तर डीएमनं नाही म्हणावं.

आता ती कोरी कार्डं काढा. प्रत्येक प्राण्याचं एक: एसी, एचपी, वेग, हल्ला, डॅमेज, विशेष गुण. लढाईच्या मध्यात मोबाइलवर प्राणी शोधत बसलेला ड्रुइड पाच माणसांचा खेळ थांबवतो, आणि टेबलावर ड्रुइडचं नाव खराब व्हायचं मुख्य कारण तेच आहे.

प्राणी झाल्यावर शरीराचे आकडे प्राण्याचे, बुद्धी-विस्डम आपलं. बोलता येत नाही, नवा स्पेल टाकता येत नाही, पण आधी टाकलेल्या स्पेलचं कॉन्सन्ट्रेशन चालू राहतं. एन्टँगल टाकून पुढच्या टर्नला बिबट्या व्हायचं, हा जुना आणि चांगला डाव आहे. फक्त सेव्ह आता प्राण्याच्या कॉन्स्टिट्यूशनवर: पँथरचा +०, लांडग्याचा +१, तपकिरी अस्वलाचा +३.

प्राण्याचे एचपी संपले की उरलेलं डॅमेज आपल्यावर येतं. लांडग्याचे ४ उरलेत आणि १० बसले, तर लांडगा गेला आणि ६ तुम्हाला. नव्या नियमांत वेगळे एचपी मिळतच नाहीत. आपलेच राहतात, वर लेव्हलइतके तात्पुरते मिळतात. रूप घेणं मात्र बोनस ॲक्शनवर आलं आहे, आणि ठरलेली चारच रूपं दुसऱ्या लेव्हलला हाताशी असतात. वापराचंही गणित बदललं आहे: छोट्या विश्रांतीनं एकच वापर परत येतो.

एक हिशेब बघा. लांडग्याचा एसी १३, तुमचा १५. एचपी ११, तुमचे दुसऱ्या लेव्हलला सुमारे १७. म्हणजे लांडगा होऊन पुढं घुसलात तर मार जास्त बसतो आणि तो झेलायला ताकदही तुटपुंजी. मून सर्कल (ड्रुइडची लढाऊ शाखा, ती पुढं येते) नसेल तर वाइल्ड शेप टेहळणीसाठी, वाट काढण्यासाठी आणि निसटण्यासाठी ठेवा. मांजर व्हा, एचपी २ असतात, पण कौलावर बसलेल्या मांजराकडं पहारेकरी दुसऱ्यांदा बघत नाही.

सर्कल निवडा

सर्कल म्हणजे ड्रुइडची शाखा. ती जुन्या नियमांत दुसऱ्या लेव्हलला निवडायची, नव्यांत तिसऱ्या.

मून सर्कल लढणाऱ्यांसाठी. बोनस ॲक्शननं रूप, आणि दुसऱ्या लेव्हललाच चॅलेंज एकचा प्राणी. तपकिरी अस्वलाचे एचपी ३४, दोनदा घेतलं की ६८. त्याच वेळी फायटरकडं वीस-बावीस असतात. दुसरी ते चौथी लेव्हल हा ड्रुइड सगळ्यांना भारी पडतो, पाचव्याला बाकीचे गाठतात. सहाव्याला पुन्हा चॅलेंज दोनचे प्राणी मिळतात. पहिल्यांदाच खेळणाऱ्यानं मात्र हे घ्यायची घाई करू नये. अस्वल होऊन चावत राहणं इतकं सोपं असतं की स्पेल शिकायचे राहून जातात.

लँड सर्कलला जादा कॅन्ट्रिप, छोट्या विश्रांतीत थोडे स्लॉट परत (लेव्हलच्या निम्मे, वर पूर्ण करून, दिवसातून एकदा), आणि प्रदेशानुसार कायम तयार असलेले स्पेल. हे स्पेल रोज तयार ठेवायच्या स्पेलच्या मोजणीत धरायचे नाहीत. जंगल घेतलंत तर तिसऱ्या लेव्हलला बार्कस्किन आणि स्पायडर क्लाइंब, पाचव्याला कॉल लाइटनिंग आणि प्लँट ग्रोथ. हे झालं दाजीपूर. गवताळ प्रदेशाला, म्हणजे आपल्या मसाई पठाराला, इनव्हिजिबिलिटी आणि पास विदाउट ट्रेस, पुढं हेस्ट. गगनबावड्याच्या घाटाला डोंगर: स्पायडर क्लाइंब, स्पाइक ग्रोथ, पुढं लाइटनिंग बोल्ट. आकड्यांनी बघितलं तर गवताळ प्रदेश सगळ्यात जड आहे, कारण इनव्हिजिबिलिटी आणि हेस्ट एरवी ड्रुइडच्या यादीत नाहीतच. जंगलचे स्पेल बहुतेक यादीत असतातच, त्यामुळं फायदा कमी. तरी पहिल्या ड्रुइडला जंगल द्यावं असं आमचं मत. प्लँट ग्रोथ कायम तयार असण्याची मजा वेगळी. हा प्रदेश ड्रुइड जिथं घडला तिथला असतो, आज तो कुठं फिरतोय त्याच्याशी संबंध नाही. २०२४ मध्ये हेही बदललं, प्रत्येक मोठ्या विश्रांतीनंतर प्रदेश बदलता येतो.

प्रत्यक्ष खेळताना

डीएमनं जागेचं वर्णन केलं की लढाई सुरू होण्याआधी चार गोष्टी विचारा. जमीन कसली आहे? झाडझाडोरा किती? पाणी कुठं? वर आभाळ उघडं आहे का? हे विचारणं ड्रुइडचं कामच आहे, आगाऊपणा नाही.

समजा तिसऱ्या लेव्हलचा ड्रुइड आहे आणि पाणंदीवर दोन्ही बाजूंना ऊस. पाच दरोडेखोर येणार आहेत, ही खबर आधी लागली आहे. स्पाइक ग्रोथ टाका: दीडशे फुटांपर्यंत कुठंही, वीस फूट त्रिज्या, दहा मिनिटं टिकतो. आत प्रत्येक पाच फूट चाललं की दोन डी४ डॅमेज, सरासरी पाच, आणि सेव्ह नाहीच. जमीन अवघड असल्यानं तीस फूट वेगाचा माणूस एका टर्नला पंधरा फूटच जातो, म्हणजे सरासरी पंधरा डॅमेज. दरोडेखोराचे एचपी ११. स्पेल पडताना ज्यानं बघितलं नाही, त्याला काटे ओळखायला परसेप्शनचा (नजरेचा) फासा टाकावा लागतो. म्हणून ते पोचायच्या आधी टाकायचा, समोर आल्यावर नाही.

बिघडतं कुठं? दरोडेखोरांकडं क्रॉसबो असतात. पहिला पडला की बाकीचे जागेवर थांबून बाण मारतात आणि तुमचे काटे रिकामे पडून राहतात. म्हणून स्वतः पाणंदीवर उभं राहू नका, उसात शिरा. दिसत नाही त्याला नेम धरता येत नाही. तुम्हाला गाठायचं तर त्यांना चालावंच लागतं. थॉर्न व्हिप असेल तर तीस फुटांवरच्याला दहा फूट काट्यांतून ओढा, ओढण्याचंही डॅमेज बसतं. हीच माणसं उघड्या फरसबंदीवर, समोरासमोर भेटली असती तर हा डाव फसला असता आणि विझर्डचाच दिवस होता.

पाचव्या लेव्हलला प्लँट ग्रोथ मिळतो आणि तोच ऊस शंभर फूट त्रिज्येत असा माजतो की एक फूट चालायला चार फूट वेग जातो. सेव्ह नाही, कॉन्सन्ट्रेशनही नाही. अट एकच, तिथं आधीपासून झाडं हवीत. खडकाळ गुहेत हा स्पेल मुका. हाच स्पेल आठ तास बसून टाकला तर अर्धा मैल त्रिज्येतलं पीक वर्षभर दुप्पट येतं. अर्धा मैल त्रिज्या म्हणजे सुमारे पाचशे एकर. अशा ड्रुइडला गावात जेवायला कमी पडणार नाही, आणि कारखान्याचा चेअरमन कोण होणार हेही तोच ठरवेल.

कॉल लाइटनिंगला डोक्यावर शंभर फुटांवर ढग मावेल एवढं मोकळं आकाश लागतं. तीन डी१०, आणि खरं वादळ चालू असेल तर चार. भुयारात उतरायचं ठरलं असेल तर त्या सकाळी तो यादीतून काढा.

पुराची कथा खेळत असाल तर एक अपेक्षा आधीच खाली आणा. क्रिएट ऑर डिस्ट्रॉय वॉटर दहा गॅलन पाण्याचा खेळ आहे, जेमतेम अडतीस लिटर. नदी हलवणारा कंट्रोल वॉटर सातव्या लेव्हलला येतो आणि तोही शंभर फुटांच्या ठोकळ्यापुरता, दहा मिनिटं. डीएमनं राजाराम बंधाऱ्याचे आकडे सरळ उचलावेत: ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. रोज पाणी वाढवत न्यायचं आणि ड्रुइडला ड्रुइडक्राफ्टनं उद्याचा पाऊस सांगू द्यायचा. लोकांना हलवायचं कधी, हा निर्णय मग पार्टीवर येतो.

ड्रुइडच हवा का?

निसर्गजादू दुसरीकडंही मिळते. रेंजर धनुष्य चालवतो आणि जुन्या नियमांत दुसऱ्या लेव्हलपासून ड्रुइडच्या निम्म्या गतीनं स्पेल शिकतो. ज्याला रोज यादी निवडायचा कंटाळा त्याच्यासाठी तो बरा. नेचर डोमेनचा क्लेरिक जड चिलखत घालतो, पण रूप बदलत नाही. पाथफाइंडर या अशाच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत तर जादूच्या चार परंपरा केल्या आहेत आणि निसर्गाची 'प्रायमल' ही त्यातली एक.

ड्रुइड आधी, १९७५ मध्ये, या खेळात शत्रू म्हणून आला आणि १९७६ मध्ये खेळाडूंना मिळाला. १९७८ च्या नियमांत तर वरच्या लेव्हलला जागाच मोजक्या होत्या: बाराव्या लेव्हलचे नऊ ड्रुइड, वर तीन आर्चड्रुइड आणि सगळ्यांवर एक ग्रेट ड्रुइड. वर चढायचं तर वरच्याला लढून हरवायचं, तालमीतल्या गादीसारखं. आता तसं काही नाही, पण तुमच्या डीएमला ही कल्पना सांगून बघा. देवराईचा राखणदार असलेला म्हातारा ड्रुइड आणि त्याची जागा मागायला आलेला तुमचा पाचव्या लेव्हलचा, यावर तीन-चार बैठका सहज निघतात.

पहिल्या बैठकीला जाताना सोबत ठेवायचं ते एवढंच: भरलेली शीट, तयार चार स्पेल प्रत्येकी एका ओळीत आणि कॉन्सन्ट्रेशन लागणाऱ्यापुढं लाल ठिपका. प्राण्यांची कार्डं दुसऱ्या लेव्हलच्या आदल्या रात्री करा, आणि त्यात उडणारा-पोहणारा कुणी घुसला नाही ना, ते एकदा तपासा.